घोडा, कडबा आणि मुक्काम

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील डोंगरी गावांच्या तरुण वाटाड्यांपुढे एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपणांपैकी काही जण जावळी-पाटणचे आहेत, काही शिराळ्याचे, तर काही माण, खटाव आणि आटपाडीकडून आलेले आहेत. पाहुण्यांना घोड्यांवर बसवून चार-पाच दिवस डोंगरांतून हिंडवून आणावे, रात्री राहुट्या ठोकाव्यात, शेकोटीभोवती पिठले-भाकरी खाऊ घालावी आणि पहाटे पुढच्या मुक्कामाला निघावे, अशी कल्पना सकाळच्या चर्चेत अनेकांनी मांडली. कल्पना चांगली आहे. मला दिलेला विषय मात्र ‘घोड्याचे आरोग्य’ असा आहे. या दोहोंचा संबंध वरवर दिसतो त्याहून फार जवळचा आहे, म्हणून मी दोन्ही एकत्रच घेतो.

आरंभ माझ्या एका चुकीपासून करतो. मी नोकरीत नवा होतो. आम्ही चार मित्रांनी थंड हवेच्या एका ठिकाणाहून घोडी भाड्याने घेतली आणि तीन दिवसांच्या रपेटीला निघालो. दुसऱ्या दिवशी अवेळी पावसाची सर आली. खोगिराखालचा नमदा चिंब भिजला. मुक्कामावर खोगीर उतरवून पाठ पुसावी, नमदा वाळवावा, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. परंतु अंधार पडला होता, अंग दुखत होते, आणि सकाळी लवकर निघायचेच आहे मग पुन्हा कशाला सोडा, असे म्हणून आम्ही नुसता तंग सैल केला. तिसऱ्या दिवशी दुपारी खोगीर काढले तेव्हा माझ्या घोडीच्या मानेमागच्या उंचवट्यावरची कातडी नमद्याबरोबर निघून आली. घोडीचा मालक काही बोलला नाही. त्याने जखमेवर हळद दाबली आणि लगाम हातात धरून तो तिच्या बाजूने चालत परत गेला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ऐन हंगामाचे दोन महिने ती घोडी दावणीला उभी होती. ज्याचे घर त्या एका जनावरावर चालत होते त्याचा हंगाम मी, एका पशुवैद्याने, आळसापायी बुडविला होता. पाठीवरची जखम हा घोड्याचा रोग नव्हे, ती माणसाची करणी होय, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता हिशेबाकडे वळू. माझ्या मते डोंगरातल्या घोडेसहलीचे सारे शास्त्र या एका हिशेबात आहे.

आपल्याकडचे मध्यम तट्टू साधारण तीनशे किलो वजनाचे धरा. त्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे दिवसभर वाहू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे खोगिरासह साठ किलो. या जनावराला दिवसाला सहा-सात किलो वाळली वैरण व चंदी लागते, आणि कमीत कमी पंचवीस-तीस लिटर पाणी लागते; उन्हात चढ चढले तर त्याहून अधिक. आता समजा, सहा पाहुणे, सहा घोडी आणि पाच दिवसांची सहल आहे. वाटेत चरू द्यायचे नाही असे ठरविले तर सात किलोंप्रमाणे सहा घोड्यांना दोनशे दहा किलो वैरण लागेल. ती वाहायला चार घोडी लागतील असे वाटते. पण ती चारही खाणारच! प्रत्येक ओझ्याचे घोडे साठ किलो वाहते आणि पाच दिवसांत पस्तीस किलो स्वतःच खाते, उरले पंचवीस. त्या हिशेबाने सहा स्वारीच्या घोड्यांसाठी नऊ घोडी केवळ वैरणीची लागतात. राहुट्या, भांडी आणि पाहुण्यांचे सामान यांचा तर अजून विचारच केलेला नाही.

हा हिशेब मी मुद्दाम ताणला, असे आपणांस वाटेल. तसे नाही. आपणांपैकी ज्यांना कोयना किंवा चांदोलीच्या खोल रानात घोडी न्यावीशी वाटतात त्यांच्यापुढे हीच अडचण उभी आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० साली दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरे चारण्यास मनाई केलेली आहे. परवानगी असलेल्या माणसाने वाहन म्हणून वापरलेले जनावर तेवढे आत जाऊ शकते. चरू मात्र शकत नाही. याच कायद्यात अभयारण्याच्या आत व भोवतालच्या पाच किलोमीटरांतील जनावरांच्या लसीकरणाचीही तरतूद आहे. ही बंधने जाचक आहेत, अशी तक्रार मी ऐकली आहे. पशुवैद्य म्हणून मला ती योग्य वाटतात. जिथून गावे उठली तिथल्या जुन्या शेतांत आज गवत माजले आहे आणि त्यावर गवे व सांबर जगतात. आपल्या घोड्यांनी तेच गवत खाऊन, तिथल्याच पाणवठ्यावर नाक बुडवून, आपला रोग तिथे ठेवून का यावे? वासोट्याला जाणारा माणूस बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडतो, पायी चढतो आणि त्याच दिवशी परत फिरतो. त्या रानाची तीच रीत असू द्यावी.

वैरणीचा हा पेच नवा नाही. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागते. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ त्या परिसरात पावसाळ्याच्या छावणीला होते. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस महाराजांनी लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. साठविलेला दाणा व गवत आताच उधळून टाकाल तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. चुली व दिवे निष्काळजीपणे ठेवाल तर गवताच्या गंजी पेटतील. आणि रयतेकडून काही ओरबाडून आणू नका, असा त्याचा आशय आहे. पेटती वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. घोड्यांचा तळ कसा राखावा यावर याहून चांगले मार्गदर्शन मला ठाऊक नाही. ज्या राज्याच्या घोडदळाचे सरसेनापतिपद तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांनी भूषविले, त्याच्या धन्याला गवताच्या काडीचीही चिंता होती.

मग घोड्यावरून जावे तरी कुठे? माझे उत्तर असे की पश्चिमेकडे पाठ फिरवा आणि पूर्वेकडे चला. महाबळेश्वराच्या उत्तरेकडून सह्याद्रीचा एक फाटा निघतो आणि पूर्व-आग्नेयेस शिखर शिंगणापुराकडे जातो. हीच शंभू महादेवाची रांग. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. दाट झाडी संपते, उघडे माळ, कुसळी गवत आणि बोरी-बाभळी सुरू होतात. वर्धनगडाच्या पायथ्यापासून महिमानगडापर्यंत, तेथून कुळकजाईकडे, जिथे माणगंगा उगम पावते, आणि पुढे शिंगणापुराला, अशी तीन-चार मुक्कामांची वाट बेताच्या चालीने होऊ शकेल. दिवाळीनंतर ज्वारी उभी असते, पाझर तलावांत पाणी असते. सांगलीकडे खानापूर तालुक्यातला बाणूरगड आहे, खरसुंडी आहे. मुख्य म्हणजे मुक्कामाच्या गावात कडबा विकत मिळतो. आपल्या हिशेबातली नऊ घोडी एकदम गळून पडली, आणि पाहुण्याचा पैसा पेंढीमागे शेतकऱ्याच्या हाती आला.

या मुलखाला घोड्याची ओळख सांगायला नको. १६९७ साली संताजी घोरपड्यांचा अंत याच रांगेत झाला. पण मला जुन्या स्वारांपेक्षा आजच्या एका स्वाराविषयी बोलावयाचे आहे, आणि तो स्वारही नव्हे, कारण तो घोड्यावर क्वचितच बसतो. माण, फलटण, जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडचे धनगर बांधव पाऊस सरला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात. त्यांचा वाडा, म्हणजे चार-सहा कुटुंबांचा तांडा, कित्येक महिने रानोमाळ हिंडतो. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते: वाकळा, भांडी, दाण्याची पोती, डालग्यातल्या कोंबड्या, दोन दिवसांची कोकरे आणि कधी कधी वरती बसविलेले लहान मूल. पुरुष मेंढरांमागे चरत चरत येतात. बायका घोडी हाकीत पुढे जाऊन तळ मांडतात. रात्री ज्याच्या शेतात मेंढरे बसवितात तो लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. घोड्यांना पायबंद घालून जवळच चरावयास सोडतात.

बहुदिवसीय घोडेसहल म्हणून आपण ज्याची नवी स्वप्ने रंगवीत आहोत ती आपल्या दोन जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिला कोणी सहल म्हटले नाही, इतकेच. मी एका वाड्याबरोबर एकदा तीन दिवस चाललो. तिथल्या एका आजीबाईंनी मला ओझे बांधावयास शिकविले, जे महाविद्यालयात कोणी शिकविले नव्हते. दोन्ही बाजूंचे वजन हाताने तोलून पाहायचे, कण्यावर काहीही टेकू द्यायचे नाही, आणि पहिल्या कोसानंतर थांबून तंग पुन्हा आवळायचा, कारण निघताना घोडे पोट फुगवून ठेवते. ‘साहेब, ती आपल्यापेक्षा शहाणी हाय,’ असे म्हणून त्यांनी घोडीच्या पोटावर थाप मारली.

भीमेच्या खोऱ्यावरून नाव पडलेला हा भीमथडी घोडा उंचीने बेताचा, खुराचा कणखर आणि थोडक्यात भागविणारा आहे. २०२४ च्या सुमारास देशातील स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली, याचा मला आनंद वाटतो. मात्र नोंद झाल्याने घोडी वाढत नाहीत. चराऊ माळ कमी होत आहेत, बिऱ्हाड आता टेंपोतूनही जाते, आणि टेंपो आला की घोडी विकली जाते. आपल्या सहलींत ओझ्याची घोडी धनगर बांधवांची असावीत, वाट दाखविण्याचे काम त्यांच्याकडे असावे आणि त्याचे दाम आधी ठरलेले असावे, असा माझा आग्रह आहे. देखणे, उंच, रंगीत घोडे आणून पाहुण्यांची छायाचित्रे काढण्याचा मोह अनेकांना होईल. तो घोडा मुरमाड उतारावर चौथ्या दिवशी लंगडला की माझे शब्द आठवतील.

परदेशांतही हे प्रश्न सुटले आहेत ते नियमांनी. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या बॉब मार्शल या विस्तीर्ण राखीव रानात लोक आठ-आठ दिवस घोड्यांवरून हिंडतात. तिथे घोडा सरळ झाडाला बांधून ठेवत नाहीत, कारण तो खुरांनी मुळे उकरतो. दोन झाडांना रुंद पट्टे लावून उंचावर आडवा दोर ताणतात आणि घोडी त्याला अडकवितात. नेलेली वैरणही तणाच्या बियांपासून मुक्त असल्याची खात्री द्यावी लागते. आपल्याकडे आगाडी-पिछाडी आणि मेखा आहेतच. मेखा प्रत्येक मुक्कामी नव्या जागी ठोका, लीद गोळा करून शेतकऱ्याला द्या.

रोगांचे थोडक्यात सांगतो, कारण छापील पत्रक आपणांस मिळालेच आहे. धनुर्वाताची लस चुकवू नका. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी क्वचितच. पावसाळ्यानंतर गोमाशांपासून सर्रा होतो. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि तपासणीत तो सिद्ध झाल्यास जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. म्हणून अनोळखी घोड्यांबरोबर एका डोणीत पाणी पाजू नका. घोड्याला ओकारी येत नाही. घामाघूम घोड्यापुढे चंदीचा तोबरा लगेच चढविला आणि पोटशूळ उठला, तर डोंगरात तुम्हांला माझ्यासारखा कोणी भेटणार नाही. नालबंदही आता शोधावे लागतात. आपणांपैकी एक-दोघांनी हे काम शिकून घेतले तर वर्षभर हाताला काम मिळेल.

राहिला प्रश्न पाहुण्याचा, आणि तो अवघड आहे. साठ किलोंत खोगीर आले, हे आपण पाहिले. ऐंशी किलोंचा, पैसे आगाऊ भरलेला गृहस्थ तुमच्यासमोर उभा राहील. त्याला, ‘काका, आपण हे दोन चढ आणि सगळे उतार पायी चालायचे,’ असे सांगावे लागेल. आणि काहींना, ‘आपल्या वजनाचे घोडे आमच्याकडे नाही,’ असेही. तो रागावेल, पैसे परत मागेल. परत द्या. हे दर आखतानाच हिशेबात धरा, कारण ज्याने कर्ज काढून घोडी घेतली आहे त्याला ऐन वेळी नाही म्हणणे जमत नाही, आणि भोगते ती घोडी.

बोलणे पुष्कळ झाले. बाहेर चिंचेखाली तीन घोड्या बांधलेल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या पाठीवर खोगिराची जुनी, बरी झालेली पांढरी खूण आहे, ती आधी पाहा. मग प्रत्येकाने एकेक खूर उचलून दाखवायचा आहे. मागून जाऊ नका. खांद्याजवळून या, आणि आधी तिला तुमचा आवाज ऐकू द्या.