एक किल्ली हाती आहे तोवर

समजा, भाईंदर पूर्वेच्या खारी गावातल्या एखाद्या भाड्याच्या गाडीवाल्याची एकुलती एक किल्ली हरवली. कारागिराने नवी करून दिली, ती कुलपात फिरलीही. पण गाडी सुरू होईना! आता त्या दिवसाची कमाई बुडालीच की!

असे का व्हावे? हल्लीच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत एक इवलीशी चिप असते. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपली खूण सांगते. खूण ओळखीची असली, तरच गाडीतला संगणक इंजिन चालू होऊ देतो. चोरीला आळा बसावा म्हणून युरोपीय संघात १९९८ साली नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली.

तेव्हा नव्या किल्लीची ओळख गाडीला करून द्यावी लागते. एक किल्ली हाती असली, तर हे काम थोडक्यात भागते. सगळ्याच हरवल्या, तर खर्च फार वाढतो. म्हणून दुसरी किल्ली आजच करून घ्या. कंपनीचा आणि बाहेरच्या जाणत्या कारागिराचा, दोन्ही दर विचारा. गाडी सुरू झालेली पाहूनच पैसे द्या. हरवलेल्या किल्लीची खूण संगणकातून पुसायला सांगा. आणि दुसरी किल्ली ठेवा घरी, गाडीत नव्हे!