कॉलेज पाहायला मुलीबरोबर कोणी जायचे?

(मनमाड येथे अकरावी-बारावीतल्या मुलींच्या आयांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आपले गाव जंक्शनचे. मुंबई, भुसावळ, नांदेड, पुणे, सगळीकडे इथून रूळ जातात. घरातला मुलगा बारावी झाला की पिशवी उचलतो, गाडीत बसतो आणि पुण्याची कॉलेजे बघून येतो. मुलीच्या वेळी मात्र बरोबर कोण जाणार, मुक्काम कुठे, हे प्रश्न निघतात. मग वडील किंवा मामा जाऊन येतात. 'लांब पडतं, नको' म्हणतात आणि विषय संपतो. जिला तिथे तीन-चार वर्षे काढायची, तिने ती इमारतही पाहिलेली नसते.

फीचा अडसर आता थोडा कमी झाला आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला आणि खाजगी विद्यापीठांना ही सवलत नाही. आणि वसतिगृह, खानावळ, प्रवास हा खर्च उरतोच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलींसाठी अनुसूचित जातींकरिता स्वाधार आणि जमातींकरिता स्वयम् योजना आहे, तिचीही चौकशी करायला हवी. फी माफ झाली आणि राहायची सोय नाही, तर मुलगी घरीच बसते.

हे जुनेच दुखणे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. दोन्ही ठिकाणी शिकवण्याबरोबर राहण्याची सोय होती, कारण त्याशिवाय विधवा मुली शिकायला येऊच शकत नव्हत्या. कर्व्यांच्या त्याच संस्थेने १९९१ साली कर्वेनगरला मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढले. आपल्या मुली ते पाहायला गेल्या तर हा इतिहासही त्यांना सांगा.

आता जायचे कसे ते ठरवू. मुलगी अकरावीत असतानाच जा. निकालानंतरच्या गर्दीत कोणाला बोलायला वेळ नसतो. रविवार टाळा, तास चालू असतात तेव्हा जा. एका दिवशी दोनच कॉलेजे पाहा, म्हणजे मुलगी थकणार नाही आणि दोन्ही तिच्या लक्षात राहतील. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. येवला, कोपरगाव, शिर्डी, अहिल्यानगर असे पुण्याला जाता येते. रेल्वेने गेलात तर पुणे स्टेशनवरून मेट्रो डेक्कन, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप अशी कर्वे रस्त्याने नेते. तिकीट मुलीला काढू द्या, रस्ता तिला विचारू द्या. उद्या तिला हे एकटीनेच करायचे आहे.

बरोबर आईने जावे, असे माझे म्हणणे आहे. काही जणी म्हणतील, आम्हाला कॉलेजातले काय कळते? न्हाणीघरात पाणी येते का, संडासाला कडी आहे का, ताटात काय वाढतात, हे आपल्याइतके कोणाला कळते? मनमाडच्या बाईला घर सोडायचे म्हणजे आधी पाण्याचा विचार. पंधरा-वीस दिवसांनी नळ येणारे उन्हाळे आपण काढले आहेत. पण हंडा पुरुषालाही उचलता येतो. दोन दिवस घरच्यांनी पाणी भरावे, भाकरी थापावी.

तिथे गेल्यावर आपण गप्प राहायचे आणि मुलीला बोलू द्यायचे. कोणता विषय, पुढे काय करता येईल, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे तिचे प्रश्न. रेक्टरबाईंना भेटून झाले की वसतिगृहातल्या मुलींशी वेगळे बोला, खरे त्याच सांगतील. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हेही विचारा. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार ती प्रत्येक कॉलेजात असलीच पाहिजे. 'आमच्याकडे तसं काही होत नाही' एवढ्या उत्तरावर उठू नका.

आणि फाटक किती वाजता बंद होते, हे विचाराल तेव्हा मुलांच्या वसतिगृहाची वेळही विचारा. दिल्लीच्या विद्यार्थिनींनी २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत हाच प्रश्न रस्त्यावर आणला. सुरक्षेच्या नावाखाली मुलीला सात वाजता कोंडणारे वसतिगृह 'चांगले' म्हणून आपणच निवडले, तर घरातली कडी आपण तिथेही नेऊन लावली.

परत आल्यावर लगेच निकाल देऊ नका. आधी तिला विचारा, तुला काय आवडले, कशाची भीती वाटली? ही पाहणी आपण परवानगी द्यावी की नाही यासाठी नाही, तिला निवड करता यावी यासाठी आहे. ती कदाचित नाशिकच बरे म्हणेल. पाहून म्हणाली, तर तो तिचा निर्णय.

एकटीने जाणे जड वाटत असेल तर तिघी आया आणि तीन मुली मिळून जा, मुक्कामाचा खर्च वाटला जाईल. मंडळाने उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला वेळेत काढायला मदत करावी, कारण कागदावाचून सवलत मिळत नाही. पहिल्या फेरीला कोण कोण निघणार, त्यांनी उठायच्या आधी नावे सांगा. मुलींची नावेही त्यांना विचारूनच द्या.