कामावर असलं की बरं वाटतं



जव्हारला भरलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल ऋणी आहे. १९९२च्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनंतर कुपोषण हाच आपला पहिला विषय राहिला आणि तो राहायलाच हवा. आज मी बोलणार आहे त्या आजाराची मात्र ओपीडीच्या रजिस्टरात ‘पाठदुखी’ एवढीच नोंद होते. तो म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, मणक्यांचा दाहक संधिवात.

दिवाळी उलटली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. विशीतला पोरगा पाठ धरून आला की विटा उचलून दुखत असेल, असं आपणच ठरवतो. गोळ्या देतो, आराम करायला सांगतो. तो सांगत असतो, “कामावर असलं की बरं वाटतं, पहाटे उठवत नाही.” निदानाची दिशा याच वाक्यात आहे. ओझ्याने दुखावलेली पाठ विश्रांतीने बरी होते; ही पाठ विश्रांतीने आखडते आणि हालचालीने मोकळी होते. दुखणं तीन महिन्यांहून जुनं आहे का, उत्तररात्री जाग येते का, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो का, एवढं तरी विचारा. ताप असेल, वजन घटत असेल, तर आधी मणक्याचा टीबी शोधा. एक्स-रेत बदल उमटायला कित्येक वर्षं जाऊ शकतात, आणि एचएलए-बी२७ चाचणी नकारात्मक आली म्हणून आजार नाही असं होत नाही.

खुबे झिजतात, छाती पुरती फुगत नाही, हे आपण जाणतो. डोळ्याचं मात्र निसटतं. एकच डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसवत नाही. ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिले जातात. असा युव्हिआयटिस या आजाराच्या दर तीन-चार रुग्णांत एकाला कधी ना कधी होतो. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

माझी सगळ्यात मोठी काळजी मणक्याच्या मोडण्याची आहे. या आजारात सांधून एक झालेला कणा भक्कम वाटतो, पण हाड आतून ठिसूळ झालेलं असतं. बांधावरून साधं घसरलं तरी मान मोडू शकते. मग पाड्यावरून माणूस झोळीत येतो, म्हणजे वाकलेला. दवाखान्यात आपण त्याला शिस्तीने सपाट फळीवर निजवतो, म्हणजे वर्षानुवर्षं पुढे झुकलेली मान जबरदस्तीने मागे नेतो. दोन्हींत मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मान मूळची जशी झुकलेली होती तशीच ठेवा, खाली चादरींच्या घड्या द्या. एक्स-रे स्वच्छ दिसला तरी सीटीसाठी पाठवा.

लवकर ओळखलेले, रोज व्यायाम करणारे, दाह कमी करणाऱ्या गोळ्या नीट घेणारे आणि बिडी सोडलेले बहुतेक रुग्ण कामधंदा करत संसार ओढतात. उरलेल्यांसाठी टीएनएफविरोधी इंजेक्शनं आहेत. २०१४च्या अखेरीस त्यांतलं भारतीय बनावटीचं अ‍ॅडॅलिमुमॅब आलं, तरी भट्टीवरच्या मजुराला ते आजही परवडत नाही. शिवाय या औषधाने शरीरात दबलेला टीबी उसळू शकतो. आपल्या भागात टीबीच्या तपासणीशिवाय पहिली सुई टोचूच नये. हे औषध गरिबाला सरकारी खर्चाने मिळावं, असा ठराव आपण आज करावा, ही माझी विनंती आहे. दुपारच्या सत्रात आशाताई आणि १०८ रुग्णवाहिकेचे चालक येत आहेत. झुकलेल्या मानेला आधार कसा द्यायचा, हे त्यांच्यासमोर करून दाखवू आणि त्यांच्याकडूनही करून घेऊ.