पंचांचे मतभेद आणि संस्थेचे काम



आपल्या गावात दूध संस्था असते, विकास सोसायटी असते, शाळेची व्यवस्थापन समिती असते. कारभार पाहायला दहा-बारा माणसे निवडलेली असतात. आता भांड्याला भांडे लागायचेच. ते लागू नये असे मी म्हणणार नाही. आवाज झाल्यावर पुढे काय करायचे, एवढेच आज बोलू या.

आमच्या गावच्या दूध संस्थेची गोष्ट सांगतो. चेअरमन आणि सचिव सहा महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते. दुधाला फॅट कमी लागते अशी उत्पादकांची तक्रार होती. चेअरमनना वाटे, सचिव लबाडी करतो. सचिवांना वाटे, चेअरमन मुद्दाम आपल्याला बदनाम करतात. बैठकीत मात्र दोघेही गप्प! चहा प्यायचा, सह्या करायच्या, आणि जे बोलायचे ते देवळाच्या पारावर. गावात दोन तट पडले. दहा दिवसांचे बिल हाती आले, की आणखी चार घरांचे दूध खासगी गाडीत जाऊ लागे.

शेवटी समितीतल्या एक वृद्ध आक्का भर बैठकीत म्हणाल्या, "यंत्र बिघडलंय का माणूस, ते तरी आधी बघा रे!"

मग एकाच दुधाचे दोन नमुने घेतले. एक आपल्या यंत्रावर लावला, दुसरा तालुक्याच्या संघाकडे पाठवला. आपलेच यंत्र कमी दाखवत होते. चोरी कोणीच केलेली नव्हती. पण यंत्र वेळोवेळी तपासून घ्यायचे कोणी? चेअरमन म्हणाले, ते सचिवांचे काम. सचिव म्हणाले, खर्चाला मंजुरी कुठे होती? इतिवृत्ताचे पुस्तक उघडले, तर त्यात एक ओळही नव्हती. बिघाड कधीपासूनचा, याचीही नोंद नाही. त्यामुळे कोणाचे किती बुडाले याचा हिशेब अखेरपर्यंत नीट लागला नाही. समितीने सभासदांपुढे चूक कबूल केली आणि अंदाजाने फरक दिला. गेलेली घरे काही परत आली, सगळी नाही आली.

मंडळी, ज्याला आपण माणसाचा दोष समजत होतो, ते धनी नसलेले काम होते. पुष्कळ भांडणांचे मूळ असेच निघते. म्हणून तीन सवयी लावून घ्या.

पहिली सवय अशी, की तक्रार पारावर नको, बैठकीत मांडा. आणि "तू असाच आहेस" असे म्हणू नका. काय घडले, कधी घडले, कोणी पाहिले, ते सांगा. दोघांचे जुळत नसेल, तर दोघांनाही मान्य असलेला तिसरा माणूस बोलवा.

दुसरी सवय म्हणजे ठरावापुढे नाव आणि तारीख लिहा. "यंत्र तपासून घ्यावे" हा ठराव अपुरा आहे. कोणी, कधीपर्यंत, किती खर्चात, हे हवे. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या. ज्याचे मत वेगळे असेल, त्याचा विरोध इतिवृत्तात नोंदवा. नोंद झाली, की माणसाला तो राग गावभर सांगत फिरावे लागत नाही.

तिसरी सवय, हिशेब सभासदांपुढे ठेवा. कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. त्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. लेखापरीक्षकाने दोष दाखवले, तर दुरुस्तीचा अहवालही द्यावा लागतो. त्या सभेला नुसते नाश्त्यापुरते जाऊ नका. एक तरी प्रश्न विचारा.

गुरुजी आणि बाई, हे तुम्हालाही लागू आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. सह्यांसाठी वही घरोघर फिरवली, तर ती समिती कागदावरच राहते. आईला बोलू द्या. पोषण आहाराचा भात कच्चा राहतो, असे ती म्हणाली, तर तो तुमचा अपमान नव्हे. ते तुमच्या समितीचे काम आहे.

पुढच्या बैठकीला जाल, तेव्हा मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगा. ज्या कामापुढे कोणाचेच नाव नसेल, तिथे थांबा आणि विचारा, "हे कोण करणार?" पुढचे भांडण बहुधा तिथेच दबा धरून बसलेले असते.