कंपनीचा सातबारा

(शेतकरी मंडळाच्या सायंकाळच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. श्रोत्यांच्या मागणीवरून छापला आहे.)

जमीन घ्यायची झाली म्हणजे आपण काय करतो? आधी सातबारा काढतो. मालक कोण ते बघतो, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का ते बघतो, फेरफार वाचतो. तलाठ्याकडे दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील, पण उतारा पाहिल्याशिवाय विसार देत नाही. आणि तोच माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत उभा राहून चार लाखांची द्राक्षं अनोळखी माणसाच्या गाडीत भरून देतो. त्याचा उतारा कोणता? तर एक रंगीत कार्ड!

दुसऱ्याला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. मीच भरून दिली होती. २०१९ सालची गोष्ट. अकरा टन माल, अडतीस रुपये किलो. चार लाख अठरा हजारांचा हिशेब झाला. पन्नास हजार रोख हातावर ठेवले आणि बाकीचा एकवीस दिवसांनंतरचा चेक दिला. कार्डावर कंपनीच्या नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेलं. मला वाटलं, लिमिटेड आहे म्हणजे सरकारमान्य आहे, बुडवणार नाही. चेक परत आला, फोन बंद झाला. वकिलाकडे गेलो तर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. कंपनीचं पूर्ण नाव काय, नोंदलेला पत्ता कोणता, संचालक कोण? मला एकीचंही उत्तर देता येईना. मग त्यांच्या कारकुनाने संगणकावर दहा मिनिटांत शोधून दाखवलं की त्या नावाची कंपनी २०१७ सालीच रजिस्टरातून काढून टाकलेली आहे. म्हणजे जिला मी माल विकला ती कायद्याच्या दृष्टीने दोन वर्षांपूर्वीच मेलेली होती. ती दहा मिनिटं गाडी भरण्याआधी खर्च केली असती तर? असो. वर आलेले पैसे पन्नास हजारच राहिले.

आता हे 'लिमिटेड' प्रकरण आधी समजून घेऊ, कारण तिथेच आपली फसगत होते. लिमिटेड म्हणजे मर्यादित. काय मर्यादित? जबाबदारी. भागधारकाने जेवढे पैसे भागात घातले तेवढ्यापुरताच तो बांधलेला. कंपनी बुडाली तर एरवी तुम्ही त्याच्या बंगल्याला किंवा शेताला हात लावू शकत नाही. लबाडी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. म्हणजे हा शब्द आपल्याला धीर देण्यासाठी छापलेला नसून सावध करण्यासाठी आहे.

या सवलतीच्या बदल्यात कायद्याने कंपनीवर एक बंधन घातलं आहे. तिने आपला कारभार उघडा ठेवला पाहिजे. पत्ता, संचालक, कर्जाचा बोजा, दरसालचा ताळेबंद, हे सगळं कंपनी निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे दाखल करावं लागतं. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ३९९ व्या कलमाप्रमाणे ते कागद कोणीही पाहू शकतो. तुम्ही भागधारक असायला नको, सावकार असायला नको. पूर्वी त्यासाठी निबंधकाच्या कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागत. २००६ साली केंद्र सरकारने हे रजिस्टर संगणकावर आणलं. आता ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. पत्ता लिहून घ्या: एमसीए डॉट जीओव्ही डॉट इन. घरात कॉलेजला जाणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना हाताशी घ्या. आमच्याकडे हे काम पुतणी करते. नाव आणि इमेल नोंदवून एकदा खातं उघडलं की 'मास्टर डेटा' या सदरात कंपनीचं नाव घालून शोधता येतं.

पण नावावर जाऊ नका. नावं सारखी-सारखी असतात. ॲग्रोचे दोनशे प्रकार सापडतील, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भलतीच कंपनी समोर येते. त्यापेक्षा नोंदणी क्रमांक मागा. त्याला सीआयएन म्हणतात. एकवीस अक्षरांचा असतो. कंपनीने तो आपल्या पत्रांवर आणि बिलांवर छापलाच पाहिजे, असं कायद्याचं बारावं कलम सांगतं. व्यापाऱ्याला म्हणा, "भाऊ, तुमच्या बिलबुकाचं एक कोरं पान दाखवा." एवढं मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याबद्दल निम्मी माहिती तिथल्या तिथेच मिळाली.

तो क्रमांक वाचायलाही येतो. पहिलं अक्षर यू असेल तर कंपनी शेअर बाजारात नाही, एल असेल तर आहे. पुढचे पाच अंक धंद्याचे. मग दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राची एमएच. त्यानंतरचे चार अंक नोंदणीच्या सालाचे. मग तीन अक्षरं प्रकाराची, पीटीसी म्हणजे खासगी. शेवटचे सहा अंक नोंदणीचे. समोरचा म्हणत असेल की आमची पंचवीस वर्षांची पेढी, आणि क्रमांकात साल गेल्या वर्षीचं निघालं, तर त्याला चहा जरूर द्या, माल देऊ नका.

सीआयएनच नाही असं म्हणाला तर? तर ती बहुधा कंपनीच नव्हे. आपण बियाण्याच्या पुडीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळ्यांना 'कंपनी' म्हणतो. 'अमुक आणि कंपनी' अशी पाटी असली तरी ती भागीदारी पेढी असू शकते, नाहीतर एकट्याचं दुकान. ती या रजिस्टरात सापडणार नाहीत. तिथे जीएसटीचा पंधरा अक्षरांचा क्रमांक मागा. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, आपल्या महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घातला की मालकाचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द आणि विवरणपत्रं भरली जातात की नाही, इतकं कळतं. फक्त ताजी फळं विकणाऱ्याला कधी-कधी जीएसटी नोंदणी लागतही नाही. तसं सांगितलं म्हणजे माणूस लबाड असं समजू नका, पण मग रोखीशिवाय गाडी हलवू नका.

आता कंपनीचं पान उघडलं. काय वाचायचं? पहिल्यांदा स्थिती. 'ॲक्टिव्ह' म्हणजे चालू. 'स्ट्राइक ऑफ' म्हणजे काढून टाकलेली, माझ्या त्या व्यापाऱ्याची होती तशी. २०१७ साली सरकारने वर्षानुवर्षं कागद न भरणाऱ्या दोन लाखांहून जास्त कंपन्या अशा काढून टाकल्या आणि त्यांच्या बँक खात्यांचे व्यवहार रोखायला सांगितलं. काढून टाकलेल्या कंपनीकडून येणं असेल तर धनकोला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून वीस वर्षांच्या आत कंपनी न्यायाधिकरणाकडे ती पुन्हा रजिस्टरात घ्यावी असा अर्ज करता येतो. पण त्याचा खर्च आणि खेपा पाहता मोठी रक्कम असल्याशिवाय कोणी त्या वाटेला जात नाही.

दुसरं, शेवटच्या ताळेबंदाची तारीख. हे माझ्या मते सर्वांत कामाचं. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, तिथून तीस दिवसांत ताळेबंद आणि साठ दिवसांत वार्षिक विवरण दाखल करायचं. तेव्हा माघ-फाल्गुनात तुम्ही पाहत असाल तर गेल्या वर्षीच्या ३१ मार्चचा ताळेबंद तिथे दिसायला हवा. तीन वर्षांपूर्वीचा दिसत असेल तर कंपनीला हिशेब दाखवायचा नाही किंवा दाखवण्यासारखा राहिलेला नाही.

तिसरं, बोजा. सातबाऱ्याच्या इतर हक्कासारखंच 'चार्जेस' नावाचं सदर असतं. कोणत्या बँकेचं किती कर्ज, केव्हाचं, फिटलं की नाही, सगळं नोंदलेलं असतं. कर्ज असणं वाईट नाही. शीतगृह बांधायला कोणीही कर्ज काढेल. पण बोजा बहुतेक वेळा गोदामातल्या मालावर आणि येणे रकमांवरही असतो. म्हणजे तुमच्याच बेदाण्यावर बँकेचा हात पहिला. कंपनी दिवाळखोरीत गेली तर तारण घेतलेली बँक आणि कामगार आधी, आणि विनातारण उधारीवर माल देणारा शेतकरी मागे. रांगेत आपण कुठे उभे आहोत ते उधार देण्याआधी कळलेलं बरं.

भांडवलाचा आकडाही तिथेच असतो. 'अधिकृत' भांडवलाकडे पाहू नका, तो केवळ मर्यादेचा आकडा. 'पेड-अप', म्हणजे भरलेलं भांडवल पाहा. एक लाख भरलेलं भांडवल आणि उधारी मागतोय चाळीस लाखांची, असं असेल तर हिशेब आपणच करावा.

इथपर्यंत पैसे पडत नाहीत. ताळेबंदाचे प्रत्यक्ष कागद पाहायचे तर एका कंपनीचे शंभर रुपये भरावे लागतात. एका क्रेटच्या किमतीपेक्षाही ते कमी. मोठा व्यवहार असेल तर जरूर भरा. त्यातली दोन पानं पुरतात. 'ट्रेड पेएबल्स' म्हणजे मालवाल्यांचं देणं, आणि वर्षाची एकूण खरेदी. समजा खरेदी सहा कोटींची आणि देणं दोन कोटींचं आहे. दोन कोटी म्हणजे सहा कोटींचा तिसरा हिस्सा, बारा महिन्यांचे चार महिने. तोंडाने तो "एकवीस दिवसांत देतो" म्हणत असला तरी त्याचा कागद चार महिने म्हणतो. वर्षअखेरच्या एका दिवसाचा आकडा आहे, हंगामाचा फरक पडतो, हे खरं. पण अंदाज येतो. हिशेब तपासनिसाच्या अहवालात कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल शंका लिहिलेली असेल, किंवा तपासनिसाने मध्येच राजीनामा दिल्याचा कागद असेल, तर पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नका.

संचालकांची नावंही पाहा. प्रत्येकाला आठ अंकी क्रमांक असतो. बागेत आलेला माणूस त्यांत आहे का? नसेल तर तो कोण, कोणाच्या अधिकाराने भाव ठरवतो, ते कंपनीच्या पत्रावर लिहून घ्या. चांगल्या कंपनीचं नाव सांगून तिसराच माणूस माल उचलतो, हेही होतं. तेव्हा चेकवरचं नाव आणि रजिस्टरातलं नाव अक्षर अक्षर जुळवा. चेक परत आलाच तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ती कोणाला, कोणत्या पत्त्यावर, हेही याच पानावरून लिहायचं असतं.

आता जरा आपल्या घरात डोकावू. आपल्यापैकी पुष्कळजण शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद आहेत. नावाच्या शेवटी 'प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड' असतं आणि तिलाही हेच नियम. मी ज्या कंपनीचा सभासद आहे तिचं पान पुतणीने सहज म्हणून उघडलं, तर गेल्या सालचा ताळेबंदच नाही! सभेत विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, हंगामात राहून गेलं." एक कागद एकशे पंचेचाळीस दिवस उशिरा गेला, दुसरा एकशे पंधरा. कागदामागे दिवसाला शंभर रुपये, म्हणजे सव्वीस हजार रुपये सभासदांच्या खिशातून गेले. लागोपाठ तीन वर्षं असं झालं तर संचालक अपात्र ठरतात. अध्यक्षांचा महिनाभर माझ्याशी अबोला होता. हरकत नाही, पुढच्या वर्षी कागद ऑक्टोबरातच गेले.

या रजिस्टरात काय नसतं तेही सांगतो. तिथे दाखल झालेलं सगळं खरंच असतं असं नाही, ते कंपनीने सांगितलेलं असतं. सरकार त्यावर 'चांगली' असा शिक्का मारत नाही. नोंदणी म्हणजे हमी नव्हे. २०१९ सालीच आपल्याकडे कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत हजारो शेतकरी अडकले, तेव्हाही पुष्कळांना दाखवला गेला तो नोंदणीचा दाखलाच. पैसे आधी भरा, पिल्लं नेऊन वाढवा, अंडी आम्ही घेऊ, अशा योजनेत आपण विकणारे नसतो, पैसे गुंतवणारे असतो. तिथे प्रश्नही वेगळा विचारावा लागतो: लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी कोणाची? रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे ती पाहता येते आणि तक्रारही करता येते.

फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. बांधावर येऊन घेणाऱ्याला समितीच्या परवान्याचं बंधन राहिलं नाही. दोन पैसे भाव वाढून मिळतो, मी नाकारत नाही. पण पूर्वी समिती जी चौकशी करी ती आता बांधावर आपल्यालाच करावी लागते.

गेल्या हंगामात आमच्याकडे एकजण आला. कंपनी सात वर्षांची, ताळेबंद वेळेवर, बँकेचा बोजा मोठा, देणं तीन महिन्यांचं. पुतणीने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "दादा, माल देतो, पण निम्मे पैसे वजनाच्या वेळी खात्यावर, आणि उरलेले दुसऱ्या तोडीआधी." तो म्हणाला, बाकीचे शेतकरी असं मागत नाहीत. मी त्याला मोबाइलवरचा त्याचाच ताळेबंद दाखवला. त्याने बराच वेळ तो पाहिला, मग झाडाखाली जाऊन कोणाला तरी फोन केला. गाडी दुपारी चार वाजता भरली, निम्मे पैसे साडेतीनलाच खात्यावर आले होते. दुसरी तोड सोमवारी ठरली होती. पैसे बुधवारी आले, तेव्हा तोडही बुधवारीच केली.