बी.एस्सी. झाली, पुढं काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या वस्तीत आता चाळीच्या प्रत्येक मजल्यावर एखादा तरी बी.एस्सी. झालेला मुलगा नाहीतर मुलगी सापडते. निकाल लागला की आपण पेढे वाटतो, सत्कार करतो. आणि चार महिन्यांनी तोच मुलगा पाठीवर पार्सलची पिशवी घेऊन जिने चढताना दिसतो. काम कुठलंच हलकं नाही, मी स्वतः गिरणी कामगार आहे. पण रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलानं पार्सलं पोचवत राहावं, हे आपल्याला परवडणारं नाही.

गिरणीत बदली कामगार असायचा. रोज गेटवर उभा राहायचा, कुणी गैरहजर असला तर त्याला काम. नुसती पदवी घेऊन बसलेला पदवीधर हा असाच बदली कामगार आहे. त्याला कायम व्हायचं असेल तर पुढचं पाऊल तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं पाहिजे. निकालानंतर विचार करू म्हणणाऱ्यांची गाडी सुटते, कारण बऱ्याच फॉर्मची मुदत निकालाच्या आधीच संपते.

उदाहरण घ्या. आय.आय.टी.त फक्त इंजिनिअर होतात असा आपला समज आहे. पण तिथं एम.एस्सी.सुद्धा करता येते. त्यासाठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान असे विषय असतात. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा आणि परीक्षा फेब्रुवारीत. जागा सुमारे ३,०००, त्यात आपलं आरक्षण आहे. केंद्रीय विद्यापीठांत एम.एस्सी.साठी २०२२ पासून सी.यू.ई.टी. परीक्षा होते. आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथं बी.एस्सी.नंतर थेट एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र करता येते, तेही दरमहा विद्यावेतन घेऊन.

एम.एस्सी. झाल्यावर काय? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे. तिथं निवड झाली की वर्षभर पगारासारखं विद्यावेतन आणि प्रशिक्षण नीट पूर्ण केलं की वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. नेट परीक्षेत फेलोशिप मिळाली तर संशोधन करताना दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हा दर जानेवारी २०२३ पासून आहे. म्हणजे शिकणं आणि घराला हातभार लावणं ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. पालकांनी हे नीट समजून घ्यावं.

ज्याला लवकर नोकरी हवी, त्यालाही वाटा आहेत. दोन वर्षांचं बी.एड. करून विज्ञान शिक्षक होता येतं. डी.एम.एल.टी. करून रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळतं. बारावीला गणित असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एम.सी.ए. दोन वर्षांचं झालं आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा तर सर्व पदवीधरांना खुल्या आहेतच. पण भारतीय वनसेवेसाठी विज्ञान, शेती, इंजिनिअरिंग अशीच पदवी लागते. तिथं बी.ए., बी.कॉम.वाल्यांची गर्दी नाही. ही गोष्ट आपल्या किती मुलांना माहीत आहे?

आता पैशांचं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर ‘महाडीबीटी’वर अर्ज करायचा. बाहेरगावी शिकायला गेलेल्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. १९९० च्या कायद्यानं बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या परीक्षेला दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, आणि राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. हे कागद ऐन वेळी मिळत नाहीत. मुलगा बारावीत असतानाच बापानं त्यामागं लागावं. शिष्यवृत्ती घेण्यात कमीपणा मानू नका. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच अमेरिकेला गेले होते.

माता-भगिनींना एक विनंती. मुलगी बी.एस्सी. झाली की स्थळं बघायला सुरुवात होते. तिला आधी विचारा, तुला पुढं शिकायचंय का? दोन वर्षं थांबल्यानं स्थळ जात नाही, पण सुटलेलं शिक्षण परत धरायला फार त्रास पडतो. मुलाच्या बाबतीतही तेच. ‘आता कमव’ म्हणण्याआधी घरात बसून हिशेब करा, दोन वर्षं कशी काढता येतील ते बघा.

शेवटी विहार समितीला सूचना करतो. आपल्या फलकावर वंदनेच्या वेळेशेजारी परीक्षांच्या फॉर्मच्या तारखाही लिहा. दर रविवारी एक टेबल मांडा. जी मुलं पुढं शिकली, त्यांनी तिथं तासभर बसून लहानांचे फॉर्म भरून द्यावेत. मी जास्त शिकलेला नाही, पण कागद जमवायला आणि कचेरीत खेटे घालायला मी येईन. पुढच्या वर्धापनदिनी आपण पदवीचे पेढे वाटूच, पण त्या मुलांनी पुढं कुठं प्रवेश घेतला, तेही याच व्यासपीठावरून सांगू.

जयभीम! नमो बुद्धाय!