मन कसं वाढतं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेब म्हणाले, "सर, आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं, त्यावरच बोला. फक्त लोकांना झोप येऊ देऊ नका." प्रयत्न करतो.

१ मे १९९९ रोजी आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याच सुमारास आपल्या सोसायटीचा पाया खणला गेला. तेव्हा इथे रांगणारी पोरं आज पुण्या-नागपूरला नोकरी करतात. इमारत कशी उभी राहिली, त्याचा हिशेब अहवालात आहे. पोरांची मनं कशी वाढली, तो हिशेब कोणी लिहिला नाही. म्हणून हा विषय.

बाळ आईला का बिलगतं? दूध मिळतं म्हणून, असं एकेकाळी मोठमोठे अभ्यासकही मानत. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात माकडांच्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाची, बाटली नसलेली. पिल्लं भुकेपुरती तारेच्या आईकडे जायची आणि बाकी बराच वेळ कापडाच्या आईला चिकटून असायची. घाबरली तरी तिच्याकडेच धावायची. प्रयोग निर्दयच होता, पण पोट भरणं आणि मन भरणं वेगळं, हे त्यातून कळलं.

इंग्लंडचे जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी हेच माणसाच्या मुलांबाबत मांडलं. मागे वळून पाहिलं तर आपलं माणूस दिसेल, ही खात्री असलेलं मूल खेळायला लांब जातं. आपल्या धानाच्या बांध्यांत सारस दिसतो. त्याचं पिल्लू लवकरच चालायला लागतं, तरी कितीतरी महिने आईबापाच्या मागेच असतं. माणसाच्या पिल्लाला तर वर्षानुवर्षं लागतात.

एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. तान्ह्या बाळाचा प्रश्न : या जगावर भरवसा ठेवू का? दोन वर्षांचं पोरगं "मी करीन, मी करीन" म्हणून ताटातलं अर्धं सांडतं. ते हट्टी नसतं, स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकत असतं. सोळाव्या वर्षी प्रश्न पडतो : मी कोण? आणि आमच्यासारखे संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसणारे विचारतात : जगलो ते ठीक जगलो का? म्हणजे मनाची वाढ शाळेबरोबर संपत नाही.

हे सगळं मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. आता घरचं सांगतो. मुलगा समोरच बसला आहे, त्याला विचारूनच सांगतो.

तो बारावीत असताना मी रोज एकच विचारायचो, "टेस्टमध्ये किती पडले?" हळूहळू तो जेवताना बोलेनासा झाला. मला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन. एका रात्री आपले वॉचमनभाऊ म्हणाले, "सर, बाबू रोज रातच्याला वर टाकीपाशी एकटाच बसून राहते जी." माझ्या पायातलं बळच गेलं. धावत जिना चढलो. वर आपल्या शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसल्या होत्या, हातात फोडणीच्या भाताची ताटली. त्या काही विचारत नव्हत्या. तोच रडत सांगत होता, "काकू, नापास झालो तर लोक बाबांना हसतील. एवढे मानसशास्त्राचे सर!"

मी पायरीवरच बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मार्कांचा प्रश्न बंद केला. "आज कसं गेलं?" एवढंच विचारायचो. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "बाबा, मला गणित झेपत नाही." त्या वाक्याची वाट बघायला मला शिकावं लागलं.

काकूंनी एरिक्सन वाचलेला नाही. पण पोरगं जेवलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. वॉचमनभाऊंच्याही आलं. माझ्याच आलं नाही.

म्हणून तीन विनंत्या. मूल रडलं तर "मुलगा असून रडतोस?" म्हणू नका. राग आला, भीती वाटली, लाज वाटली, असे शब्द त्याला द्या. भावनेला नाव मिळालं की ती आवरायला सोपी जाते. आणि कोणाचं पोर, कोणाची सून, कोणाचे आजोबा अचानक गप्प झाले तर दार वाजवा. आपल्याने होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो. तो नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावावा, अशी कार्यकारिणीला विनंती.

काकूंनी आज स्टेजवर यायला नकार दिला. त्या तिकडे मागे, वाढायच्या टेबलाजवळ उभ्या आहेत. जेवायला जाल तेव्हा त्यांना नमस्कार करा.